न आलेल्या पाहुण्याची सरबराई

ज्या गृहस्थांनी आमच्या घराचा उंबरा ओलांडलेला नाही आणि यापुढेही ते तो ओलांडतील अशी चिन्हे नाहीत, त्यांच्या सरबराईत माझा गेला आठवडा खर्ची पडला. चहा नाही, पाणी नाही, अंथरूण-पांघरूण नाही. सरबराई झाली ती केवळ उत्तरांची, आणि तिचे मोल मला छदामही मिळालेले नाही.

मुले नोकरीनिमित्त बाहेर पडल्यावर छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागातील आमच्या घराचा वरचा मजला रिकामा पडला. तो पर्यटकांना रोजच्या भाड्याने द्यावा, ही कल्पना धाकट्या चिरंजीवांची; पुण्यात बसून मोबाइलवर ती अमलात आणून ते मोकळेही झाले. एवढी पार्श्वभूमी पुरे.

असा व्यवसाय करणाऱ्याला पाहुण्यांचा त्रास होत असेल, असा लोकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. आलेला पाहुणा बिचारा सकाळी लेणी पाहायला जातो आणि संध्याकाळी पायांचे तुकडे पडल्यामुळे फारसे न बोलता झोपी जातो. त्रास देतो तो न आलेला पाहुणा, म्हणजे बुकिंग करण्यापूर्वी 'फक्त थोडी चौकशी' करणारा. परदेशी पाहुण्याचे एक बरे असते. त्याच्या आगमनानंतर २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवण्याचे काम आमच्या मागे लागते खरे, पण तो येण्यापूर्वी विचारतो एकच, की वाय-फाय आहे का. आपल्या माणसाचे तसे नाही. बुकिंगच्या संकेतस्थळावरील आमच्या घराच्या पानावर खोल्या किती, पंखे किती, गिझर आहे, इन्व्हर्टर आहे, जिना अरुंद आहे, हे सर्व मी सविस्तर लिहिलेले असून सोबत छायाचित्रेही दिलेली आहेत. ते सर्व नजरेखालून घालून पाहुणा विचारतो, "रूम कशी आहे?"

त्यातच भूगोलाची भर पडते. वेरूळ आणि अजिंठा ही एकाच डोंगराची दोन टोके असून आमचे घर त्यांच्या बरोबर मध्ये, शक्यतो चालत जाण्याच्या अंतरावर आहे, अशी अर्ध्या महाराष्ट्राची श्रद्धा आहे. युनेस्कोने दोन्ही स्थळांना १९८३ या एकाच वर्षी जागतिक वारशाच्या यादीत घातले, त्यामुळे ती जुळी ठरली की काय, कोण जाणे. वस्तुतः वेरूळ आमच्यापासून सुमारे ३० किलोमीटर, तर अजिंठा सिल्लोडच्या रस्त्याने सुमारे १०० किलोमीटर दूर आहे, आणि तेथेही फर्दापूरच्या फाट्याजवळ स्वतःची गाडी ठेवून पुढे बसने जावे लागते. शिवाय अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. हेही पानावर ठळक लिहिलेले आहे. त्याच्या खालीच एका भगिनींनी विचारले होते, "गच्चीवरून अजिंठा दिसतो का?" गच्चीवरून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसते, आणि मी तसे प्रामाणिकपणे कळवले होते.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. आमच्या शहराला पैठणच्या जायकवाडी धरणाचे पाणी मिळते, म्हणजे मिळायचे तेव्हा मिळते. नळाला पाणी येण्याचा दिवस आमच्या घरी कॅलेंडरवर एकादशीपेक्षा मोठ्या खुणेने नोंदवलेला असतो, आणि तोही पुढे सरकतो. एवढे मोठे धरण आमच्याच जिल्ह्यात असताना मी पैसे मोजून टँकर मागवायचा आणि टँकरवाल्याने मला उपकार केल्यासारखे बोलायचे, याचा मला गेली अनेक वर्षे संताप येत आहे. परंतु या संतापाशी आलेल्या पाहुण्याचा संबंध नसतो, म्हणून मी तो गिळतो. तरीही "बाथटब आहे का?" असा प्रश्न आला की तो गिळलेला संताप वर येतो. अशा वेळी मी एवढेच लिहितो : "बादली आहे. मोठी आहे."

आता त्या गृहस्थांकडे वळतो.

त्यांचा पहिला निरोप असा होता : "नमस्कार सर. मे महिन्यात सहकुटुंब येण्याचा विचार आहे. फक्त एक-दोन शंका होत्या." मी उत्साहाने लिहिले की निःसंकोच विचारावे, आणि त्यांनी ते अक्षरशः मनावर घेतले. किती माणसे येणार, असे मी विचारले असता उत्तर आले, "साधारण चौघे." माणसे साधारण कशी असतात, याचा खुलासा मागितल्यावर कळले की पती-पत्नी दोघे, एक मुलगा, आणि "सासूबाई येतील असे धरू नका, पण जागा असू द्या." मुलाचे भाडे लावू नये, त्याला लहान धरावे, अशीही विनंती होती. वय विचारले, तर म्हणाले, "यंदाच इंजिनीअर झाला."

पुढे पलंगाच्या उशाची बाजू दक्षिणेला येते का, असे त्यांनी विचारले. मी मोबाइलमधील होकायंत्र घेऊन गुडघे सांभाळीत वर गेलो, खात्री केली आणि कळवले. लगेच दुसरा प्रश्न आला : उशी कापसाची की फोमची? पुन्हा वर गेलो. परिसर शांत आहे ना, असे विचारल्यावर मी खरे ते सांगितले, की गल्लीच्या टोकाला मंगल कार्यालय आहे आणि मे महिन्यात लग्नतिथीला रात्री थोडा आवाज होतो. त्यावर माणूस नाराज होईल अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी विचारले, "त्या तारखांना कुठल्या गावची मंडळी आहेत? आमच्यातली असतील तर निघेल काहीतरी नाते." यानंतर हुरड्याची सोय होईल का, अशी पृच्छा झाली. हुरडा हा रब्बीच्या ज्वारीचा, थंडीच्या दिवसांत शेतावर भाजून खाण्याचा पदार्थ असून वैशाखात शिवारात ढेकळांखेरीज काही नसते, हे मी सविस्तर लिहिले. दोन मिनिटांत उत्तर : "मग फ्रिजमधला?"

दरम्यान मी मूळचा कोठला, हे त्यांनी काढून घेतले होते, आणि आपण राहायला ठाण्यात असलो तरी मूळचे बीडकडचे आहोत, असे जाहीर केले होते. तेव्हापासून मी 'सर'चा 'मालक' झालो. आमच्या भागात 'मालक' या संबोधनात आदर असतो, आणि ते ऐकल्यावर माझे मन थोडे विरघळले, हेही खरे. पण पुढचेच वाक्य होते, "आपण एकाच मातीतले. मग आपल्या माणसाला काय भाव लावाल?"

भावाची बोलणी फोनवर करावीत, असे त्यांचे मत पडले. संकेतस्थळाचा नियम असा की बुकिंग पक्के होईपर्यंत एकमेकांचे फोन क्रमांक दिसत नाहीत, आणि कोणी लिहिलाच तर तो झाकला जातो. त्यांनी क्रमांक लिहिला, तो झाकला गेला. अक्षरी लिहिला, तोही झाकला गेला. दुसरा कोणी असता तर थांबला असता. यांनी रात्री अकरा वाजता पुढील मजकूर पाठवला, तो मी जसाच्या तसा देतो :

"पहिले दोन आकडे : मातोश्रींचे वय, शंभराला दोन कमी. पुढचे दोन : आपला मराठवाडा मुक्त झाला ती तारीख. त्यापुढचे दोन : कैलास लेण्याचा क्रमांक. त्यापुढचे दोन : एकूण ज्योतिर्लिंगे. शेवटचे दोन : सौ.चे वय. फोन करा, वाट पाहतो."

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो आहे. अशा माणसासमोर असा कागद टाकणे हा निव्वळ अत्याचार आहे. १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी कैलास सोळावे, हे मी कित्येक पिढ्यांकडून पाठ करून घेतले आहे. ज्योतिर्लिंगे बारा, आणि त्यांतले एक तर वेरूळलाच आहे. व्यवहारात रस नसतानाही आठ आकडे मी भराभर मांडले आणि शेवटच्या दोहोंपाशी अडलो. "सौ.चे वय कळले नाही," असे मी लिहिले. उत्तर आले, "ते ती सांगू देत नाही. अंदाज करा."

हा सर्व प्रकार आमची पत्नी चष्म्यावरून पाहत होती. तिने मोबाइल हातात घेतला, गृहस्थांच्या नावाशेजारचे जोडीचे छायाचित्र मोठे करून न्याहाळले आणि निकाल दिला, "सांगत असेल अठ्ठेचाळीस. आहे चौपन्न."

"म्हणजे कोणता क्रमांक लावायचा?"

"अहो, दोन्ही लावून बघा. कुठला लागतो त्यावरून मलाही कळेल."

मी एकही लावला नाही. संकेतस्थळाबाहेर व्यवहार केल्याचे उघडकीस आले तर आमचे घर त्या यादीतून काढून टाकले जाते, हे एक कारण. आणि परक्या बाईंचे वय एका वर्षाने चुकले तर रात्री अकरा वाजता फोन कोणाच्या घरी वाजेल याचा नेम नाही, हे दुसरे. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप होता : "मालक, फोन आला नाही. तुमची इच्छा दिसत नाही."

येथे मला गंभीरपणे काही सांगायचे आहे. चौकशीला २४ तासांत उत्तर दिले नाही, तर घरमालकाची टक्केवारी घसरते. ती घसरली की घर शोधणाऱ्याला आपले पान खाली, मग आणखी खाली दिसू लागते. म्हणजे उत्तर देणे ही माझी परीक्षा झाली. पण प्रश्न विचारणाऱ्याची परीक्षा कोठेही नाही. जो येऊन राहतो त्याच्याविषयी मला अभिप्राय लिहिता येतो, आणि तो माझ्याविषयी लिहितो. जो आठवडाभर विचारतो आणि येत नाही, त्याच्याविषयी लिहिण्याची जागाच नाही. तो पुढच्या घरमालकाकडे कोऱ्या पाटीने जातो आणि तेथेही उशी कापसाची की फोमची यापासून सुरुवात करतो. त्याच्यासाठी दोन दिवस अडवून धरलेल्या तारखा सुट्टीच्या दिवसांत वाया जातात, त्याचा हिशेब कोण देणार? यावर कोणी म्हणेल, पाहुणचारात हिशेब कसला. तसे म्हणणाऱ्यांपैकी कोणाचाही वरचा मजला भाड्याने दिलेला नसतो, असा माझा अनुभव आहे.

जुन्या काळचे पाहुणे बरे होते, असेही मी म्हणणार नाही. आमच्या लहानपणी पाहुणा विचारून येत नसे. दुपारच्या एसटीने वळकटीसह उतरत असे. दूरच्या नात्यातले एक मामा निवृत्तिवेतनाच्या कामासाठी आले आणि अख्खा पावसाळा आमच्या ओसरीवर काढून गेले. आईचे त्यांच्याविषयीचे मत मी येथे लिहू शकत नाही. परंतु मामांनी जे डोक्याखाली मिळाले ते घेतले, आणि दिशा तर सूर्य उगवल्यावर त्यांना आपोआप कळत असे.

गृहस्थांनी शेवटी माझ्याकडून पूर्ण वेळापत्रक लिहून घेतले : उन्हे चढण्यापूर्वी दौलताबादचा किल्ला, मग खुलताबादेत भद्रा मारुती, मग वेरूळ, दुसऱ्या दिवशी पहाटे निघून अजिंठा, मुलासाठी नान-खलिया कोणत्या भागात मिळेल, सासूबाई आल्याच तर उपवासाचे कोठे मिळेल. मंगळवारी वेरूळ बंद, हे मी त्यात दोनदा घातले होते. वेळापत्रक मिळाल्यावर त्यांचा निरोप आला : "मालक, आम्ही दुसरीकडे ठरवले आहे. तेथील लोक मोकळेपणाने बोलतात. तुम्ही माहिती देता, पण त्रोटक देता."

हे वाक्य माझ्या घशाखाली अजून उतरलेले नाही. पत्नीच्या मते ते विसरून जावे. तिला विसरता येते, कारण होकायंत्र घेऊन वर ती गेलेली नव्हती.

या मंगळवारी भर दुपारी, आमचा वरचा मजला रिकामा आणि ऊन चाळीसच्या पुढे असताना, मोबाइल वाजला. "मालक, वेरूळला फाटकाशी उभे आहोत. बंद आहे. तुम्ही कळवायला हवे होते." मी वेळापत्रकातली दोन्ही वाक्ये उचलून त्यांना पुन्हा पाठवली. त्यावर खुलासा आला की मुक्काम आमच्याकडे नसल्यामुळे त्यांनी वेळापत्रक एक दिवस पुढे सरकवले होते, आणि तेव्हा वारही सरकतो हे कोणाच्या लक्षात आले नाही. खाली आणखी एक ओळ होती : "सासूबाई गाडीत बसून आहेत. आता काय करावे?"

उत्तर न देण्याचा मला पूर्ण अधिकार होता. पण मे महिन्यातली गाडी आणि तिच्यात बसलेली वृद्ध बाई डोळ्यांसमोर आली, आणि मी लिहिले की लेण्यांपासून जवळच घृष्णेश्वराचे मंदिर आहे, ते उघडे असते, आतला दगड थंड असतो, अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेले बारा ज्योतिर्लिंगांपैकी ते एक आहे, सासूबाईंना बरे वाटेल. मात्र गाभाऱ्यात जाताना पुरुषांनी कमरेच्या वरचे कपडे काढून ठेवायचे असतात, एवढे ध्यानात असू द्यावे. यापेक्षा सविस्तर उत्तर मला सुचले नसते.

लगोलग प्रश्न आला : "बनियन चालेल का?"