पदकं काळी का ठेवली, याबद्दल

नमस्कार सर,

आमच्या संग्रहालयाला दोन तारे देताना तुम्ही चार तक्रारी मांडल्यात: पदकं काळी पडलीत, खोलीत अंधार आहे, गणवेश खोक्यांत पडून आहेत आणि समर सेवा स्टारच्या चिठ्ठीवर १९७१ लिहिलंय. चौथी चूक सरळ आमची. ते पदक १९६५च्या युद्धाचं. १९७१साठी ‘पूर्वी स्टार’ आणि ‘पश्चिमी स्टार’ ही पदकं होती. चिठ्ठी बदलली आहे. सैनिकाच्या वस्तूवर चुकीचं साल राहायलाच नको होतं. दाखवून दिलंत, आभारी आहोत.

पदकांना मात्र पॉलिश लावणार नाही. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. पॉलिशमधली भुकटी काळपटपणासोबत चांदीही खरवडते, आणि ही अक्षरं झिजत जातात. आपल्याकडे हे नुकसान जास्तच जड. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मराठवाड्याचा मुलूख निजामाचा. हैदराबाद लान्सर्ससारख्या त्याच्या पलटणींतून पहिल्या महायुद्धात इजिप्त-पॅलेस्टाइनला गेलेल्यांचे कागद घरात सापडले तरी ते उर्दूत, नाहीतर वाळवीनं खाल्लेले. मग कडेवरचा नंबर हाच काय तो धागा.

उजेड पन्नास लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास, म्हणजे मंदच ठेवतो. पदकांच्या रंगीत फिती आणि कॉपिंग पेन्सिलनं (ओली झाली की शाईसारखी उमटणारी पेन्सिल) लिहिलेली जांभळी पत्रं उजेडानं उडतात. उडालेला रंग परत येत नाही. पण वाचता येत नाही हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. चिठ्ठ्यांची अक्षरं दुपटीनं मोठी करतोय.

लोकरीचा कोट हँगरवर टांगला की सगळं वजन खांद्यांच्या शिवणीवर येतं. म्हणून तो आडवा ठेवतो, घडीत आम्लविरहित कागदाची वळी घालून. पितळी बटणांखालीही कागद, नाहीतर हिरवा कळंक कापडात उतरतो. मे महिन्यात आपली हवा कोरडी ठाक, जुलैत एकदम दमट. खोक्यात हा फेर मंदावतो. आत ओल शोषणारी सिलिका जेल असते. निळे मणी गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर वाळवून परत वापरतो. डांबरगोळ्या टाकत नाही, त्यांची वाफ काही प्लास्टिकं मऊ करते आणि माणसांनाही वाईट. कसर दिसलीच तर कोट हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांवर दोन आठवडे.

घरी पणजोबांचं वॉर मेडल चकाचक ठेवलंय, असं तुम्ही लिहिलंत. कृपया पुन्हा घासू नका. आधी तिरप्या उजेडात, भिंगाखाली कडा बघा, फोटो काढा, दिसतील ती अक्षरं जशीच्या तशी उतरवून घ्या. सोबत उर्दू कागद असतील तर लॅमिनेट न करता घेऊन या, वाचून देऊ. पदक तुमच्याच घरी राहील.

– व्यवस्थापन समिती