‘व्हिटॅमिन सीपेक्षा आठपट’ या दाव्यावरच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार मॅडम,

तुम्ही एक स्टार देऊन तीन गोष्टी लिहिल्यात. आमच्या अंबाडी-आवळा काढ्याच्या पत्रकातलं ‘व्हिटॅमिन सीपेक्षा आठपट अँटिऑक्सिडंट’ हे धादांत खोटं आहे. तपासणी मिथेनॉलमध्ये (न पिण्याजोग्या, विषारी अल्कोहोलमध्ये) काढलेल्या अर्काची आहे, आणि लोक पितात पाण्यातला काढा. शिवाय रंग मळकट येतो, म्हणजे माल जुना. पहिल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी नाही.

आठपटीचा घोळ माझा. रिपोर्टमध्ये आमच्या अर्कापुढे ४८ आणि व्हिटॅमिन सीपुढे ६ लिहिलं होतं. मी किराणा दुकानात वाढलेला माणूस, मोठा आकडा म्हणजे जास्त माल असं धरलं आणि पत्रक छापून मोकळा झालो. वर ‘आयसी ५०’ लिहिलेलं होतं, ते काय म्हणून विचारलंही नाही. डीपीपीएच नावाचं जांभळं द्रव्य निम्मं निकामी करायला दर मिलिलिटरला किती मायक्रोग्रॅम अर्क लागला, तो हा आकडा. जितका कमी, तितका जोर जास्त. म्हणजे आम्ही आठपट मागे होतो! शुद्ध रसायनाशी वाळल्या बोंडांची तुलना करायचीच कशाला, असं आता म्हणता येईल, पण ती मीच केली होती.

तुमचा रिव्ह्यू वाचून प्रयोगशाळेत जाऊन बसलो. घरी करतो तसाच काढा त्यांना करायला लावला: २ ग्रॅम चुरा, २०० मिली उकळतं पाणी, झाकून दहा मिनिटं. तो सुकवून डीपीपीएचमध्ये घातला आणि अर्धा तास अंधारात ठेवला. जांभळं पाणी हळूहळू पिवळट होत गेलं होतं. आकडा आला ७१, म्हणजे मिथेनॉलच्या अर्कापेक्षाही कमजोर. या वेळी अंबाडीचा स्वतःचा रंग वजा केला. हे मोजमाप ५१७ नॅनोमीटरला होतं आणि अंबाडीचा लालही तिथेच प्रकाश शोषतो. पहिल्या रिपोर्टात तो वजा केलाच नव्हता. त्यामुळे जांभळं उरलंय त्यापेक्षा जास्त दिसतं, म्हणजे ती चूक आमच्याच तोट्याची होती, पण चूक ती चूक.

आणि हे सगळं काचेच्या नळीतलं. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये पदार्थांच्या ‘ओरॅक’ आकड्यांचा (नळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट जोराचा) तक्ता वेबसाइटवरून काढून टाकला, कारण नळीतल्या आकड्यावरून शरीरात काय होतं ते ठरत नाही आणि कंपन्या तो जाहिरातीत वापरत होत्या. मीही त्याच रांगेत उभा होतो.

आता रंगाबद्दल. तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे का? जड, क्षारयुक्त पाण्यात अंबाडीचा लाल मळकट जांभळट होतो. त्याच कपात लिंबाचे दोन-चार थेंब पिळा, लाल परत येईल. बोंडं याच हंगामातली आहेत, लॉट नंबर पाकिटाच्या तळाशी आहे.

जुनी पत्रकं उरलेल्या सगळ्या पाकिटांतून काढली आहेत. नव्या पाकिटावर घटक, वजन आणि करायची पद्धत एवढंच असेल, ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द नाही. पाण्याच्या काढ्याचा रिपोर्ट मागेल त्याला पाठवू. ज्यांनी ते पत्रक वाचून माल घेतला, त्यांनी ऑर्डर नंबर कळवावा, पैसे परत मिळतील. पाकीट परत पाठवायची गरज नाही. मॅडम, तुमचे पैसे काल संध्याकाळीच टाकले आहेत.