‘माईक हातात द्या, तोतरेपणा पळेल’: नाही पळत

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतोय. काल तो भाचीने मला पाठवला. तिचा मुलगा पहिलीत आहे. खाली तिचा प्रश्न: “करून बघू का?” संदेशाचं म्हणणं असं: तोतरं बोलणाऱ्या मुलाला गणपतीच्या मंडपात माईक देऊन उभं करा, भीड चेपली की तोतरेपणा सुटतो. अडखळलं की तिथेच थांबवून वाक्य पहिल्यापासून म्हणायला लावा. आरतीत अडखळत नाही, म्हणजे मुद्दाम करतं. जिभेखालची शीर कापून घ्या, तोंडात गारगोट्या धरून वाचायला लावा. स्पीच थेरपी म्हणजे पैसे पाण्यात.

नाही, यातलं काहीही करून बघायचं नाही.

गारगोट्या घशात अडकतात, तो विषय तिथेच संपला. जीभ खाली चिकटलेली असेल तर र, ल असे उच्चार बिघडू शकतात, तो बोबडेपणा. ‘प-प-पाणी’ म्हणताना मूल अडकतं ते ओठांवर. तिथे जिभेखाली कापून काय होणार?

आरतीचं निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष साफ चुकीचा. अनेकांबरोबर एका सुरात, ठरलेल्या तालावर म्हणताना तोतरेपणा जवळजवळ नाहीसा होतो. हे या त्रासाचं ओळखीचं लक्षण आहे, नाटक नव्हे.

सगळ्यात घातक आहे ते ‘थांबवा आणि पुन्हा म्हणायला लावा’. १९३९ साली अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या एका प्रयोगात अनाथाश्रमातल्या सहा नीट बोलणाऱ्या मुलांना, तुम्ही अडखळता, नीट जमणार नसेल तर बोलू नका, असं वारंवार सांगितलं गेलं. ती तोतरी झाल्याचा पुरावा नाही, पण बोलायला कचरू लागली, गप्प गप्प झाली. २००७ मध्ये आयोवा राज्याने त्यांच्यासाठी ९,२५,००० डॉलरची भरपाई मान्य केली. नीट बोलणाऱ्या मुलांची ही गत, तर मुळात अडखळणाऱ्या मुलाला दिवसातून वीस वेळा टोकलं तर काय होईल? “दीर्घ श्वास घे, सावकाश बोल” हेही टोकणंच. सावकाश बोलायचं ते आपण. त्याचं वाक्य संपलं की दोन सेकंद थांबून उत्तर द्या, शब्द त्याच्या तोंडातून काढून घेऊ नका आणि तो काय म्हणाला त्यावर बोला.

आता माईक. चारचौघांत बोलणं टाळलं की भीती वाढते, एवढं मान्य. पण मंडपात ऐकणारे वाढतात, परके असतात, बोलायची घाई असते आणि चूक सगळ्यांना ऐकू जाते, सगळं एकदम. अशा वेळी मूल जोर लावतं. ओठ आवळतं, मान ताठ करतं, पाय आपटतं. पाय आपटल्यावर शब्द एकदा सुटला की पाय आपटायची सवय लागते. नाहीतर मूल शब्दच बदलतं. ‘पाणी’ऐवजी ‘तहान लागली’. स्वतःचं नाव मात्र बदलता येत नाही, म्हणून ओळख करून देताना अशी मुलं सर्वात जास्त अडकतात.

थेरपीत पायरी एका वेळी एकच बदलतात. आधी थेरपिस्टसमोर ओठ अलगद टेकवून शब्द सैल सुरू करायचा. मग एका मित्राबरोबर एका सुरात वाचन; जमलं की मित्र वाक्याच्या मध्येच गप्प होतो आणि मूल एकटं पुढे वाचतं. मग तोच मजकूर तिघांसमोर. नंतर तिघेच ठेवून स्वतःच्या शब्दांत ‘डब्यात काय आणलं’. मग पाच-सहा जण, शेवटी वर्ग. एक पायरी तीन-चार वेळा बिनताणाची गेली की पुढची. बिनसलं तर एक पायरी मागे. कसोटी न अडखळण्याची नाही. अडखळूनही मूल वाक्य पुरं करतंय का, ते बघायचं.

पैसे पाण्यात? २००५ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमधली चाचणी बघा: ३ ते ६ वर्षांची ५४ मुलं, थेरपिस्टच्या देखरेखीखाली पालकांनीच रोज घरी द्यायचा लिडकम्ब उपचार. नऊ महिन्यांनी शंभर अक्षरांमागे अडखळणं उपचार घेतलेल्यांत १.५, इतरांत ३.९. बरीच मुलं आपोआप सुधारतात हे खरं, त्यामुळेच असले संदेश खरे वाटतात. पण सहा महिन्यांहून जास्त चाललं असेल, घरात आणखी कोणाला हा त्रास असेल किंवा बोलताना चेहरा ताणला जात असेल, तर थांबू नका. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात किंवा मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग वाचा-श्रवण संस्थेत तपासून घ्या. खासगीत जाणार असाल तर थेरपिस्टला त्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा.

आणि मंडपात जायचंच असेल तर आधी त्याला विचारा. हो म्हणाला तर दोन मित्रांबरोबर एका सुरात श्लोक, माईक स्टँडवर, आणि नंबर अगदी सुरुवातीला. ताटकळत बसलं की ताण चढतो.