मंगळवासीयांचं रेडिओनाटक आणि ‘घाबरलेली अमेरिका’

१९३८ साली मंगळवासीयांच्या हल्ल्याचं रेडिओनाटक खरं मानून लाखो अमेरिकन घरदार सोडून पळाले, काहींनी जीव दिला, असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

३० ऑक्टोबरला अभिनेता-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचं हे नाटक सीबीएस या अमेरिकन रेडिओ नेटवर्कवर बातम्यांच्या थाटात झालं. काहीजण खरोखर घाबरले, पोलिसांना फोनही गेले. पण त्याच रात्री रेडिओचे श्रोते मोजणाऱ्या हूपर कंपनीने सुमारे ५,००० घरांत फोन करून विचारलं, तेव्हा जेमतेम २ टक्के लोकांनी हे नाटक ऐकत असल्याचं सांगितलं. लोकप्रिय होता तो दुसऱ्या स्टेशनवरचा एडगर बर्गनचा विनोदी कार्यक्रम! आत्महत्यांना तर पुरावाच नाही. जाहिराती रेडिओकडे वळत असल्याने वर्तमानपत्रांचा त्याच्यावर रागच होता; तुरळक किस्से त्यांनी पहिल्या पानावर फुगवून छापले.

खरी दंगल झाली ती १९४९ मध्ये, इक्वेडोरच्या कीटो शहरात, याच कथेच्या नाटकावरून. संतप्त जमावाने रेडिओ केंद्राची इमारत पेटवली, त्यात माणसं दगावली. मेसेजमध्ये नेमकं हेच नसतं.

तेव्हा कृपया तो मजकूर पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.