थोडंसं टकटक होईल, काका

रात्री अडीचला मी अंथरुणात बसून हात झटकतो. पहिल्यांदा बायकोने विचारलं होतं, "कोणाला टाटा करताय?" अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या, करंगळी मात्र ढाराढूर. डॉक्टरांना करंगळीचं हे वागणंच महत्त्वाचं वाटलं. तिचं खातं दुसऱ्या नसेकडे असतं म्हणे. मनगटातली मधली नस दबली असावी, एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी, करून घ्या.

एनसीव्ही म्हणजे शॉक. पावतीसकट.

तिथल्या मुलीने हात चाचपला. "काका, हात गार पडलेत." मला वाटलं, घाबरलेलो कळलं. पण गार हातात संदेश हळू जातो आणि रिपोर्ट उगाच बिघडतो. म्हणून आधी गरम पाण्याच्या पिशवीचा पाहुणचार, मग अंगठ्याखाली पट्ट्या. "थोडंसं टकटक होईल हं."

टकटक! अंगठा मला न विचारता उडाला. "अजून वाढवते." पुन्हा उडाला. "अजून थोडं." नसेत हजारो तंतू, आणि प्रत्येकाचा बाणा एकच: पेटेन तर पूर्ण, नाहीतर मुळीच नाही. शेवटचा आळशी तंतू उठेपर्यंत, म्हणजे मॉनिटरवरची लाट वाढायची थांबेपर्यंत, करंट चढवत न्यायचा. मी मात्र अर्धवटच ओरडलो. बाहेर पुढचा पेशंट बसला होता.

नस म्हणजे वायर, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. तसं नाही. स्वस्थ तंतूच्या आत-बाहेर फरक असतो सुमारे ७० मिलिव्होल्टचा, रिमोटच्या सेलचा विसावा हिस्साही नाही. धक्का बसला की दारं उघडतात, बाहेरचं सोडियम आत घुसतं, त्यानंतर आतलं पोटॅशियम बाहेर पडतं. आधी चढणारे, मग उतरणारे: डोंबिवलीकराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. हा गोंधळ पाहून पुढची दारं उघडतात, असं करत खबर सरकते. ज्या तंतूंवर चरबीचं वेष्टण असतं, तिथे गोंधळ फक्त मधल्या उघड्या फटींपाशी होतो; ती फास्ट लोकल. वेष्टण नसलेले तंतू स्लो, सेकंदाला जेमतेम मीटर-दोन मीटर.

हा वेग पहिल्यांदा मोजला जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने, १८५० साली, बेडकाच्या नसेवर. सेकंदाला साधारण २७ मीटर भरला. बेडकाला कोणी 'काका' म्हटल्याची नोंद नाही.

माझा आकडा कोपर ते मनगट सेकंदाला ५६ मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटर! मी आयुष्यात कशातच इतका वेगवान नव्हतो. घोळ मनगटात. तिथल्या बोळातून नऊ कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या दोऱ्या, आणि ही एक नस जाते. बिचारी चौथ्या सीटवरच्या माणसासारखी अर्धी लटकलेली. दाबाने वेष्टण झिजतं आणि फास्टची स्लो होते. जिथे ४ मिलिसेकंदांत पोचायचं, तिथे माझी खबर ५.८ घेते. आमच्या लाईनवर याला उशीर म्हणतच नाहीत.

उपाय म्हणून रात्री मनगटाला पट्टी लावायची, आत पत्र्याची फळी. पहिल्याच रात्री नाकावर डास बसला आणि मी सवयीने हात उचलला.

नाकाची लाईन एकदम वेळेवर आहे.