झिंक फॉस्फाइड या उंदीर मारायच्या विषाच्या ‘डबल डोस’बद्दल खुलासा

शेतकरी ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘झिंक फॉस्फाइड दुप्पट घ्या, पहिल्याच दिवशी बिळात टाका, एका रात्रीत उंदीर साफ.’ हे चुकीचं आहे. कृषी विभागाची शिफारस २ टक्क्यांचीच आहे: ९६ भाग भरड धान्य, २ भाग तेल, २ भाग झिंक फॉस्फाइड. संध्याकाळी सगळी बिळं बुजवा. सकाळी उकरलेली दिसतील तीच चालू. त्यांत दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष, मगच विषारी. कारण उंदीर नवं खाणं आधी चाखून बघतो. थोडं खाऊन वाचला, तर पुन्हा तोंड लावत नाही. उरलेलं आमिष मग कोंबड्या-कुत्र्यांच्या पोटात जातं, आणि या विषावर उतारा नाही! उघड्या हातांनी तर कालवूच नका. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याखाली हे टाका.