डोळ्यावर फोकस कोण लावतं?

लग्नसराई जवळ आली की पुण्यातल्या फोटोग्राफरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक जुना मेसेज पुन्हा फिरायला लागतो. यंदा मला तो तीन ठिकाणांहून आला. पाठवणाऱ्यांतल्या एका काकांच्या गळ्यात गेली दोन वर्षं सिग्माची ८५ (८५ मिमीची पोर्ट्रेट लेन्स, आणि सिग्मा म्हणजे बाहेरचीच कंपनी) मी बघतोय, पण फॉरवर्ड करताना कोण विचार करतो! मजकूर थोडक्यात असा: मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) पोर्ट्रेटसाठी थर्ड पार्टी, म्हणजे कॅमेऱ्याच्या कंपनीची नसलेली, लेन्स घेऊ नका, फोकस डोळ्याऐवजी कानावर बसतो, बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) अपडेट केली की लेन्सचा पेपरवेट होतो, स्किन टोन बिघडतो, सगळा चायना माल असतो आणि बॉडीची वॉरंटीही जाते.

आधी कानाचं बघू. हा आरोप डीएसएलआरच्या, म्हणजे आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या, काळात बऱ्यापैकी खरा होता. तिथे फोकस मोजणारा सेन्सर वेगळा, आरशाखाली तळाशी बसवलेला. फोटो टिपणारा सेन्सर वेगळा. दोन्ही वाटांत केसभर फरक पडला की बॅक फोकस (फोकस नेमक्या जागेच्या मागे बसणं) ठरलेला. वर बाहेरच्या कंपन्यांना बॉडी आणि लेन्समधली भाषा अंदाजाने उलगडावी लागायची. सिग्माने २०१३ मध्ये यूएसबी डॉक काढला, तो याच दुखण्यावर: लेन्स घरी न्या, संगणकाला जोडा, फोकस पुढेमागे सरकवा. कटिंग चहा पीत फोकस तपासायला स्केलचे फोटो काढण्यात माझे कित्येक रविवार गेले आहेत.

मिररलेसमध्ये आरसाच नाही. ज्या सेन्सरवर फोटो उमटतो, त्याच्यावरच फोकस मोजला जातो, त्यामुळे बॅक फोकसची ती जुनी भानगड जवळपास संपली. डोळा शोधण्याचं कामही बॉडीतला प्रोसेसर करतो. लेन्सकडे उरतं ते सांगितलं तिथे पटकन जाऊन थांबणं. तिची मोटर सुस्त असेल तर फोटो हुकतील, पण तो त्या मॉडेलचा दोष. डब्यावर कोणाचं नाव आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

आणि थोडं गणित. फुलफ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) ८५ मिमी, एफ १.४ (लेन्सचं छिद्र खूप मोठं उघडलेलं), माणूस दोन मीटरवर: स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम साडेचार सेंटीमीटर. समोरून काढलेल्या फोटोत डोळा धारदार असेल तर कान मऊ दिसणारच. ती लेन्स त्यासाठीच तर घेतली! नवरीने हसताना मान जरा मागे टाकली तरी ती त्या पट्ट्याबाहेर जाते, मग लेन्स कोणाचीही असो. गेल्या पावसाळ्यात म्हात्रे पुलाजवळ नदीपात्रात ढोल-ताशाच्या सरावाला मी दोन ८५ घेऊन गेलो, एक कंपनीची, एक बाहेरची, आणि अंधार पडेपर्यंत आलटून पालटून लावत राहिलो. फोकस दोन्हींचा चुकला, आणि दोन्हींचा तेव्हाच चुकला, जेव्हा ताशावाल्या मुलीचे केस डोळ्यांवर आले.

पेपरवेटच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. माझ्याकडच्या एका लेन्सने (नाव नको) बॉडीचं अपडेट झाल्यावर एकदम मौनव्रत धरलं. दुरुस्तीचं फर्मवेअर (लेन्सच्या आतलं सॉफ्टवेअर) यायला तीन आठवडे लागले आणि मधली दोन लग्नं मी भाड्याच्या लेन्सवर निभावली. पण फर्मवेअर आलं, लेन्स पुन्हा चालू झाली. व्हिल्ट्रॉक्स या बाहेरच्या कंपनीच्या बऱ्याच लेन्सना माउंटपाशीच (लेन्स बॉडीला जिथे जोडतात तिथे) यूएसबी पोर्ट असतो, टॅमरॉन या तशाच दुसऱ्या कंपनीच्या नव्या लेन्सनाही तो असतो. सोनी माउंटची सिग्मा तर थेट बॉडीतूनच अपडेट होते. ऐन मुहूर्तांच्या मोसमात बॉडी अपडेट करू नये एवढं पथ्य मी तेव्हापासून पाळतो.

मेसेजमध्ये नसलेला, पण खरा प्रश्न माउंटचा आहे. सोनीने आपल्या ई-माउंटची मूलभूत माहिती २०११ मध्येच इतर कंपन्यांना खुली केली. एल-माउंट हा सामाईक माउंट वापरणाऱ्या कंपन्यांच्या २०१८ च्या युतीत लायका आणि पॅनासॉनिकच्या जोडीला सिग्मा स्वतःच आहे. कॅननच्या आरएफ माउंटवर मात्र २०२२ मध्ये व्हिल्ट्रॉक्सला आपल्या ऑटोफोकस लेन्स मागे घ्याव्या लागल्या, पेटंटच्या कारणावरून. सिग्मा आणि टॅमरॉनला परवाना मिळाल्याचं जाहीर झालं ते एप्रिल २०२४ मध्ये, तेही एपीएस-सी (फुलफ्रेमहून लहान) सेन्सरच्या लेन्सपुरतं. थोडक्यात, 'थर्ड पार्टी' या एकाच पाटीखाली परवान्याने बनलेली लेन्स आणि भाषा अंदाजाने उलगडून बनलेली लेन्स, दोन्ही येतात. सोनीतही सगळं मोकळं नाही: वेगवान बॉडींवर बाहेरच्या लेन्सला सेकंदाला १५ फोटोंची मर्यादा आहे. क्रिकेट टिपणाऱ्याने त्याची काळजी करावी. हळदीच्या फोटोंना १५ म्हणजे चैन झाली.

स्किन टोनवर फार शाई घालवत नाही. काचेच्या लेपनामुळे रंगछटेत किंचित फरक पडतो, रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) तो मिनिटभरात निघतो. कार्यालयातल्या जांभळ्या एलईडींचा रंग मात्र निघत नाही, त्याच्यावर एखादा फॉरवर्ड फिरवा.

चायना मालाचं म्हणाल तर सिग्मा आपल्या लेन्स जपानात, आइझूच्या कारखान्यात बनवते, आणि निकॉनच्या कितीतरी 'ओरिजिनल' लेन्सवर थायलंड किंवा चीन छापलेलं असतं. व्हिल्ट्रॉक्स चिनी आहे, हे कबूल. पण देशावरून लेन्स जोखायची तर आधी आपल्या लेन्सच्या तळाशी काय लिहिलंय ते वाचावं. वजनही बघा. सोनीची २०१६ ची ८५ जीएम (जीएम ही सोनीची वरची श्रेणी) ८२० ग्रॅमची, सिग्माची २०२० ची ८५ सुमारे ६३० ग्रॅमची. सिग्माने कडांचं डिस्टॉर्शन (सरळ रेषा वाकणं) सुधारायचं काम बॉडीवर सोडलंय हे खरं, पण रात्री अकराला वरात संपते तेव्हा मनगटाला ते दोनशे ग्रॅम कळतात. सोनीला तेवढं वजन उतरवायला २०२४ साल उजाडलं.

राहिली वॉरंटी. सोनी स्वतः दुसऱ्यांना माउंटचा परवाना देते, मग ती लेन्स नुसती लावली म्हणून बॉडीची वॉरंटी कशी जाईल? लेन्समुळेच काही बिघडलं तर कंपनी हात वर करू शकते, ती गोष्ट वेगळी. वॉरंटी खरी जाते ती दुकानाच्या काउंटरवर, "बिलात हवी की बिनबिलाची?" या प्रश्नापाशी. बिनबिलाची लेन्स स्वस्त पडते. मग मोटर अडकली की सर्व्हिस सेंटरवाला आधी बिल मागतो आणि आपण थर्ड पार्टीच्या नावाने खडे फोडतो.

हे सगळं मी त्या काकांना लिहून पाठवलं आणि शेवटी विचारलं, "काका, तुमच्या सिग्माचं बिल आहे ना?" दोन निळ्या रेघा आल्या. उत्तर अजून नाही.